जगदेवीचा रिपोर्ट नॉर्मल

रक्त खोटं बोलत नाही. माणूस बोलतो, नाडी बोलते, डॉक्टरसुद्धा वेळप्रसंगी बोलतात. रक्त मात्र भर कचेरीत शपथेवर उभं केल्यासारखं खरं तेच सांगतं. लातूरच्या कलेक्टर कचेरीतले अव्वल कारकून विरूपाक्षअप्पा यांचं असं ठाम मत होतं. हे मत त्यांनी डोळे मिटून बनवलं होतं, कारण रक्त दिसलं की अप्पांना घेरी येई. नांदेडच्या लॅबमध्ये त्यांच्या बायकोच्या दंडातून पहिल्यांदा नमुना काढला, तेव्हा सुई जगदेवीला टोचली आणि बाकावर आडवे अप्पा झाले. जगदेवीनं एका हातानं कापूस दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं त्यांना पदराचा वारा घातला.

जिल्हा तेव्हा नवा होता. ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर उस्मानाबादेतून वेगळं निघालं. तिकडच्या फायली ट्रकात भरून इकडे आणल्या, त्यातल्या एका ट्रकात ड्रायव्हरशेजारी बसून अप्पाही आले. नव्या जिल्ह्याला नवे कलेक्टर मिळाले, नवे शिक्के मिळाले आणि दुष्काळ जुनाच मिळाला. अप्पांना टंचाई शाखेत टेबल मिळालं. त्या टेबलावर गावोगावची पैसेवारी येई. चांगल्या साली जे पीक यायला हवं ते रुपया धरायचं आणि यंदा आलं ते त्यातले किती पैसे, एवढं सांगायचं, याला पैसेवारी म्हणतात. आकडा पन्नासच्या आत असला तर गावात दुष्काळ असतो. पन्नासच्या वर गेला की गावात दुष्काळ नसतो, मग विहिरीच्या तळाला काहीही दिसो. हे काम अप्पांना मनापासून आवडे. आकड्यासमोर रडारड चालत नाही, हा त्यातला मोठा आराम होता.

जगदेवीचं दुखणं चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर सुरू झालं. आधी चेहरा सुजला. मग आवाज जड झाला, इतका की सकाळी शिवभजन म्हणू लागली तर आतल्या खोलीत कोणी पाहुणा आलाय असं वाटे. ऐन चैत्रात ती स्वेटर घालून भाकरी थापी. अप्पांच्या आई पार्वतम्मा यांनी निदान केलं, "आळस हाय. अंगात मुरलाय." पण केस पुंजक्यानं गळायला लागले, तेव्हा अप्पांनी रजेचा अर्ज टाकला आणि तिला घेऊन नांदेडची एस.टी. धरली. तिथे एक एम.डी. डॉक्टर होते. त्यांनी गळा चाचपला, रक्त काढायला लावलं, ते मुंबईला पाठवलं आणि तीन आठवड्यांनी कागद आला. टी.एस.एच. अठ्ठेचाळीस. कंसात लिहिलं होतं, पाचच्या आत हवं.

"गळ्यात एक ग्रंथी असते," डॉक्टर म्हणाले. "ती सुस्तावलीय. मेंदू तिला हाका मारतो, कामाला लाग म्हणून. ती ऐकत नाही तसा तो आवाज वाढवतो. हा अठ्ठेचाळीस म्हणजे त्या हाकांचा आवाज. रोज गोळी घ्यायची, उपाशीपोटी. आवाज उतरेल."

घरी आल्यावर अप्पांनी हे आईला समजावून सांगितलं. पार्वतम्मा म्हणाल्या, "हाका तर मीबी मारून राहिले वरीसभर. माझ्यासाठी गोळी न्हाई का काही?"

गोळीचा प्रश्न मात्र सोपा नव्हता. घर वीरशैवाचं. सकाळी आंघोळ, मग हातावर इष्टलिंग घेऊन पूजा, कपाळाला विभूती, मग तीर्थ, आणि तोवर तोंडात काही घालायचं नाही. डॉक्टर म्हणतात, सगळ्यात आधी गोळी. पार्वतम्मा म्हणतात, सगळ्यात आधी लिंग. अप्पांनी दोन्ही बाजू ऐकून निर्णय दिला: पूजा, गोळी, मग एक तास काही नाही, मग चहा. ही वेळ त्यांनी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवली आणि जगदेवीनं ती एक दिवसही चुकवली नाही.

गुण आला, यात शंका नाही. सूज उतरली, स्वेटर ट्रंकेत गेला, भजनातला पाहुणा निघून गेला. पुढच्या तपासणीला आकडा अकरावर आला. आणि शहाऐंशीच्या डिसेंबरात तिसरा कागद आला: तीन पूर्णांक चार. पुढे इंग्रजीत लिहिलं होतं, नॉर्मल. अप्पांनी ते डॉक्टरांच्या दारातच उभं राहून तीनदा वाचलं आणि खिशातल्या लाल पेन्सिलीनं त्याखाली रेघ मारली.

आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "काय म्हणतात बाई? बरं वाटतं का आता?"

"एकदम," अप्पा म्हणाले.

"त्यांना बोलू द्या."

जगदेवीनं आधी अप्पांकडे बघितलं. कागदावर जे छापून आलंय त्याच्या विरुद्ध बोलायला तिला जिवावर आलं असावं. "तसं बरंच हाय," ती म्हणाली. "पण दम लागतो. जिना न्हाई चढावा लागत, आंगणातबी लागतो. कानात घुं घुं होत राहतं. सकाळी उठले की वाटतं, आत्ताच काम करून आले."

"पाळी?"

तिनं पुन्हा अप्पांकडे बघितलं. अप्पा भिंतीवरचं कॅलेंडर बघू लागले. "येते," ती म्हणाली.

"जास्त जातं का?"

"बायकांचं जातं तेवढं."

डॉक्टर उठले, तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. मग बसून लिहू लागले. "थायरॉइडचं काम झालंय. गोळी हीच चालू ठेवा. पण हा आकडा थायरॉइडपुरतं सांगतो, बाईंचं सगळं नाही सांगत. आपण रक्ताला जे विचारतो तेवढंच ते सांगतं. खाली लॅब आहे, हिमोग्लोबिन करून जा. आणि एखाद्या लेडी डॉक्टरला दाखवा."

अप्पांनी घड्याळ बघितलं. चारची गाडी होती. तिच्यानंतरची मध्यरात्री पोचवते, आणि दुसऱ्या दिवशी अंतिम पैसेवारीची बैठक. शिवाय आणखी एक गोष्ट होती, ती अप्पांनी जरा ताठ होऊन सांगितली. "लातूरलाच करतो ना साहेब. आता आमच्याकडंबी जिल्ह्याचा दवाखाना झालाय."

"मग करा, पण करा," डॉक्टर म्हणाले.

अप्पांच्या कानात यातलं 'काम झालंय' एवढं राहिलं. गाडीत त्यांनी लोह्याला खाली उतरून पेढे घेतले. जगदेवीनं एक पेढा हातात धरला आणि खिडकीशी डोकं टेकून अहमदपूर येईपर्यंत झोपली. पेढा हातातच होता. घरी आल्यावर अप्पांनी तिन्ही रिपोर्ट, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि एस.टी.ची तिकिटं एका फायलीत लावली, वर 'जगदेवी, थायरॉइड' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि कोपऱ्यात, हाताच्या सवयीनं, 'निकाली'.

त्या दिवसापासून घरात एक वाक्य कायमचं राहायला आलं. जगदेवी म्हणाली, आज कंबर धरली, की रिपोर्ट नॉर्मल हाय. म्हणाली, डोळ्यापुढं अंधारी येती, की रिपोर्ट नॉर्मल हाय. अप्पा हे रागानं म्हणत नसत. उलट धीर देण्याच्या सुरात म्हणत, आणि त्यांना खरंच वाटे की हे ऐकून तिला बरं वाटत असेल. पार्वतम्मांना इंग्रजी येत नव्हतं, पण हा एक शब्द त्या अप्पांपेक्षा छान वापरत. "नार्मल माणसानं उन्हं आल्यावर उठू न्हाई," असं त्या सकाळी भिंतीला सांगत.

जगदेवीच्या बाजूनं पार्वतम्मांनी फक्त एक गोष्ट धरली होती. सून अलीकडे देवाधर्माला लागली होती. विभूतीचा एक गोळा घरात तीन महिने पुरे, तो आता आठवड्यात संपू लागला. दुपारीसुद्धा ती देवघरापाशी बसलेली दिसे, बोटाला पांढरं लागलेलं. "दुखण्यानं का होईना, शिवाची आठवण झाली," म्हणून पार्वतम्मा समाधानी होत्या, आणि दर सोमवारी अप्पांना नवा गोळा आणायला सांगत. अप्पा आणत.

शेजारी गुणाबाई राहत. मराठ्याचं घर, नवरा अमृतराव एस.टी.त कंडक्टर. गुणाबाईंच्या घरी पाळणूक कडक. महिन्याचे चार दिवस त्या पडवीत पोतं टाकून बसत, आणि त्यांना पाणी, भाकरी नेऊन द्यायची जगदेवीनं. पार्वतम्मांना याचा फार अभिमान होता. सुनेच्या कामाचा नव्हे, स्वतःच्या धर्माचा. "आमच्यात विटाळ न्हाई," त्या पडवीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत. "गळ्यात लिंग हाय. बाई त्या दिवशीबी पूजा करती, सैपाक करती. शिवाला काय बाटतं?" बोलणं खरं होतं आणि मोठ्या मनाचंही होतं. आठशे वर्षांपूर्वी हे कुणीतरी ठरवलं, त्याला बायकांची कणव होती.

एका रविवारी अप्पा खिडकीशी दाढी करत होते. बाहेर पडवीत गुणाबाई बसल्या होत्या आणि जगदेवी त्यांना वरून भाकरी टाकत होती.

"गुणाबाई, तुमचं लई बरं हाय बघा," जगदेवी म्हणाली. "चार दिवस बुड टेकायला भेटतं."

"या की मग आमच्यात! पोतं देते एक."

"कुणी घेतंय का तुमच्या जातीत?"

"सैपाक येत असला तर घेतेत." गुणाबाई हसल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "पण वैनी, तुमची कधी असती? मला तर कळतच न्हाई बाई."

"माझी?" जगदेवीही हसली. "माझी कधी नसती ते इचारा."

अप्पा खिडकीत मोठ्यानं खाकरले. बायकांची बोलणी पुरुषांच्या कानावर पडू नयेत एवढी सभ्यता त्यांच्यात होती. बाहेर दोघीही गप्प झाल्या. अप्पांनी उरलेला गाल उरकला.

त्याच आठवड्यात कचेरीत निलंग्याकडच्या एका वाडीचे ग्यानोबा आले. गावाची पैसेवारी बावन्न लागली होती, ती कमी व्हावी अशी दरख्वास्त घेऊन.

"कापणी ज्या वावरात केली साहेब, ते इहिरीजवळचं वावर हाय," ग्यानोबा म्हणाले. "गावात तेवढंच हिरवं होतं. तलाठ्याला सावली पाहिजे होती."

"पीककापणीचा प्रयोग नियमानुसार झालाय."

"एकदा येऊन गाव बघा की."

"आकडा बघितलाय ना."

ग्यानोबांनी टोपी काढली, तिच्यात बघितलं, परत घातली. "बरं. मग बायकांना सांगतो जाऊन, घागरी घेऊन कोस कोस हिंडू नका, आपल्याकडं टंचाई न्हाई म्हणून. त्यांना अजून मालूम न्हाई."

हा माणूस चेष्टा करतोय की काय, हे अप्पांना कळलं नाही. त्यांनी दरख्वास्तीवर 'नोंद घेतली' असा शेरा मारला आणि डबा उघडला. डब्यात भाकरी होती, तिची एक बाजू कच्ची होती. आधीच्या आठवड्यातही होती. संध्याकाळी त्यांनी तसं सांगितल्यावर जगदेवी म्हणाली, "तव्यापुढं उभं राहवत न्हाई हो." अप्पांनी तिला धीर दिला. वाक्य ठरलेलंच होतं.

सत्याऐंशीचा मार्च लागला तसा गल्लीत नळ बंद झाला आणि दर तिसऱ्या दिवशी टँकर येऊ लागला. घरटी सहा घागरी. पार्वतम्मांचे गुडघे गेलेले, अप्पा कचेरीत. घागरी जगदेवी आणी. पूर्वी ती दोन खेपांत आणायची. आता एकेक घागर घेऊन, मध्ये गुणाबाईंच्या ओट्यावर टेकत, सहा खेपा करी. एके दिवशी अप्पा घरीच होते. टँकरचा भोंगा वाजला, जगदेवी गेली, आणि थोड्या वेळानं तिला चार बायका हातपाय धरून आत घेऊन आल्या. मागून पाचवी तिची घागर घेऊन आली. घागर भरलेली होती. त्या साली बाई पडली तरी घागर कुणी सांडू देत नसे.

जगदेवीच्या ओठांचा आणि गालांचा रंग एकच झाला होता. तिला चटईवर निजवलं. अप्पांची धांदल उडाली. त्यांनी पंखा लावला, कांदा फोडला, आणि मग, दुसरं काय करावं हे न सुचून, कपाटातली फाइल काढली. "ऊन लागलं असंल," ते जमलेल्या बायकांना सांगू लागले. "तशी तब्येतीची काही तकलीफ न्हाई. हे बघा. डिसेंबरचाच रिपोर्ट हाय. तीन पूर्णांक चार."

बायका त्या लाल रेघेकडे बघत राहिल्या. तेव्हा गुणाबाई पुढे झाल्या. आजवर अप्पांसमोर त्या डोक्यावरचा पदर सावरल्याशिवाय बोलल्या नव्हत्या.

"अप्पा, म्या बोलू न्हाई, पण बोलते. तुम्ही कागद काय दाखवून राहिले? वैनीचं महिन्यातनं पंधरा पंधरा दिवस जाऊन राहिलंय. एक दोन महिने न्हाई, दोन वरसं झाली. आणि जाणं म्हंजे असं तसं न्हाई. धुणं कुठं धुते ती, इचारा."

अप्पांनी फाइल मिटली.

"माझ्या न्हाणीत. तुमच्या घरचं पाणी मोडायला नको म्हणून. आणि तुमच्या दोरीवर दिसायला नको म्हणून."

"मग मला कसं कळावं?" पार्वतम्मा कोपऱ्यातून म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच भिंतीला न सांगता माणसाला सांगणारा होता. "तुमच्यात बसतेत, तर सासूला दिवस मोजता येतात. आमच्यात बसतच न्हाईत. कसं कळावं मला?"

गुणाबाई रिक्षा बोलवायला निघाल्या.

रिक्षानं तिला सरकारी दवाखान्यात नेलं. अप्पांनी फाइल बरोबर घेतली होती. बायकांच्या वॉर्डात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. अप्पांनी फाइल पुढे केली, ती त्यांनी न उघडता खाटेच्या पायथ्याशी ठेवली आणि जगदेवीची पापणी ओढून बघितली. मग रक्त तपासणाऱ्या माणसाला हाक मारून बोटातलं रक्त घ्यायला सांगितलं. सुई टोचली. बराच वेळ बोट दाबल्यावर एक थेंब आला. अप्पा या वेळी समोर उभे होते आणि बघत होते. त्यांना घेरी आली नाही. घेरी यावी इतकं ते लाल नव्हतं.

माणसानं तो थेंब काचेच्या नळीत घेतला, औषध घातलं आणि खिडकीशी धरून शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळवू लागला. पाण्याचे चार थेंब घातले, तोच जुळला.

"तीन पूर्णांक एक," तो म्हणाला.

"किती पाहिजे?" अप्पांनी विचारलं.

"बारा तरी."

पुढचं गणित अप्पांनी मुद्दाम केलं नाही. वीस वर्षांच्या नोकरीनं ते त्यांच्या डोक्यात आपोआप झालं. बारा म्हणजे रुपया. तर मग सव्वीस पैसे.

"माती, खडू, राख असलं काही खातात का या? रक्त उतरलं की तशी ओढ लागते," डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"न्हाई, न्हाई. चांगलं घर हाय आमचं," अप्पा म्हणाले. आणि मग त्यांच्या डोळ्यांपुढे दर सोमवारचा विभूतीचा गोळा आला. ते खाटेकडे वळले. जगदेवी जागी होती आणि त्यांच्याकडेच बघत होती. तिच्या चेहऱ्यावर, कपाटातलं काही चोरून खाताना सापडलेल्या पोरीसारखं, थोडंसं हसू होतं.

"लई चव लागायची हो," ती म्हणाली. "शिवाचं हाय, त्यानं काही होत न्हाई वाटलं."

डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं. गर्भाशयात गाठ होती. साधी गाठ, त्या म्हणाल्या, बायकांना होते, काढता येते. पण आधी रक्त चढवायला हवं, आणि तेही थेंब थेंब, कारण इतके दिवस पातळ रक्त ढकलून हृदय थकलंय. अप्पांचा रक्तगट जुळला नाही. अमृतरावांचा जुळला. ते खाकी शर्टाच्या बाह्या वर करून, तिकिटांची पेटी मांडीवर तशीच ठेवून, बाटली भरून देऊन आले आणि दुपारच्या औशाच्या गाडीवर गेले.

संध्याकाळी जगदेवीला जरा तरतरी आली. अप्पा स्टूल ओढून शेजारी बसले. बाटलीकडे पाठ करून नाही, तिच्याकडे तोंड करून बसले.

"कामून सांगितलं न्हाईस गं?"

"सांगितलं की."

"काय सांगितलंस?"

"दम लागतो म्हणलं. अंधारी येती म्हणलं. तुम्ही म्हणलात, नार्मल हाय." ती थांबून थांबून बोलत होती आणि तिच्या बोलण्यात तक्रार अशी नव्हतीच. "मग मला वाटलं, नार्मल असंच असत असंल. समद्यांनाच असं होत असंल, बाकीच्या बोलत नसतील. मी मुंबईच्या कागदापेक्षा शहाणी का?"

अप्पांनी तिचा हात हातात घेतला. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती आणि वॉर्डात तीस बायका होत्या, तरी घेतला. हात थंड होता. इतका थंड हात रोज आपल्याला ताट वाढत होता, हे त्यांना आता आठवू लागलं.

"आज गोळी राहिली," जगदेवी म्हणाली. "सकाळी टँकर आला आणि राहिली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. काही होणार तर न्हाई ना?"

"न्हाई होत," अप्पा म्हणाले. "उद्या घे."

दुसरी बाटली सकाळी लागायची होती. ती आणायला अप्पा रक्तपेढीच्या रांगेत उभे होते, तेव्हा वॉर्डातला माणूस त्यांना बोलवायला आला. धावत आला नाही, चालतच आला. त्यावरून अप्पांना कळलं.

वीरशैवांच्या रीतीनं जगदेवीला मखरात बसवून नेलं. डाव्या तळहातावर तिचं इष्टलिंग ठेवलं. खड्ड्यात उतरवताना जंगमानं विभूती मागितली, तेव्हा पार्वतम्मांनी ओच्यात बांधून आणलेले गोळे पुढे केले आणि म्हणाल्या, "सगळे घाला. लई लागते तिला." इतकं बोलून त्या मातीत मटकन बसल्या आणि त्यांना उठवायला गुणाबाईंनाच यावं लागलं.

भेटायला लोक येत. बैठकीत सतरंजी टाकलेली होती. येणारा भिंतीशी टेकून बसे आणि विचारे, "थायरॉइड होता म्हणे वैनींना?"

"थायरॉइड नॉर्मल होता," अप्पा सांगत.

येणारा पाण्याचा पेला उचलून तोंडाला लावी. मग पाण्याचं बोलणं निघे, टँकरचं निघे, आणि माणूस उठून जाई. एकदा कचेरीतले सगळे मिळून आले. त्यांच्यातल्या एकानं, चांगल्या मनानंच, म्हटलं की नव्या जिल्ह्यात अजून सोयी नाहीत, पुण्या-मुंबईकडे असते तर बाई वाचली असती. बाकीच्यांनी माना हलवल्या. अप्पांनीही हलवली. काही दिवस त्यांना त्या बोलण्याचा खरंच आधार वाटला.

अकराव्या दिवशी त्यांनी ती फाइल काढली. बंद करून ठेवायची म्हणून. तिकिटं, तीन रिपोर्ट, आणि सगळ्यात खाली नांदेडच्या डॉक्टरांची डिसेंबरातली चिठ्ठी. तिच्यावर तीन ओळी होत्या. पहिली गोळीची. दुसरी, हिमोग्लोबिन. तिसरी, लेडी डॉक्टर. दुसऱ्या ओळीखाली डॉक्टरांनी दोनदा रेघ ओढली होती. शाई निळी होती, म्हणून अप्पांच्या लाल पेन्सिलीपुढे ती उठून दिसली नव्हती एवढंच.

अप्पांनी ती चिठ्ठी घडी करून खिशात घातली. दुसऱ्या दिवशी कचेरीत हजेरी लावून ते पुन्हा बाहेर पडले आणि दवाखान्यात गेले. रक्त तपासणाऱ्या खिडकीशी रांग नव्हती. आत तोच माणूस होता. त्यानं त्यांना ओळखलं नाही.

"हिमोग्लोबिन करायचं असलं तर काय लागतं?" अप्पांनी विचारलं.

"कुणाचं करायचंय?"

"कुणाचं न्हाई. माहिती पाहिजे."

माणसानं माहिती दिली. बोटाला टोचतात, उपाशी यायची गरज नसते, वेळ रोज सकाळी नऊ ते बारा, रिपोर्ट दहा मिनिटांत हातात आणि पैसे पडत नाहीत. अप्पांनी ते सगळं नीट ऐकून घेतलं आणि परत निघाले. दवाखान्याच्या फाटकापासून कलेक्टर कचेरीतल्या त्यांच्या टेबलापर्यंत चालत सात मिनिटं लागतात.